डोंगरावरच्या गावाचा झरा होळीनंतर आटतो: बोअर मारावी, टाकी बांधावी की चर खणावेत?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर तिथेच धरता येईल. गाव साताऱ्याच्या जावळी तालुक्यात, डोंगराच्या खांद्यावर. ५२ उंबरे, पण बारमाही राहणारी माणसं २०० च्या आसपास, बाकीचे मुंबईला. रस्ता गावाच्या खाली एक किलोमीटरवर थांबतो. पावसाळाभर गाव ढगात असतं. झरा गावाच्या वरच्या अंगाला, रानात, २० मिनिटांच्या चढावर. होळीनंतर त्याची धार बारीक होते आणि एप्रिलमध्ये एक हंडा भरायला पाच मिनिटं लागतात. मुंबईच्या मंडळाने चार लाख रुपये जमवलेत आणि गावात तीन मतं पडलीत: बोअर मारायची, मोठी टाकी बांधायची, की डोंगरावर चर खणून पाणी जिरवायचं.

मी बरीच वर्षं सह्याद्रीतल्या झऱ्यांवर काम करतोय. माझं मत लगेच सांगून टाकतो: बोअर नको. टाकी हवी, पण गावाला वाटतेय तेवढी मोठी नाही. आणि गावाच्या डोक्यावर चर तर अजिबात नको. मात्र मी तुमचा डोंगर पाहिलेला नाही. झरा कुठल्या थरातून येतो, वरचं पठार केवढं आहे, जमीन कोणाच्या नावावर आहे, यावर बरंच बदलू शकतं. म्हणून खाली कारणं देतो, ती तुमच्या डोंगराला लावून बघा.

"इतका पाऊस पडून आम्हाला पाणी नाही" हे वाक्य घाटमाथ्याच्या प्रत्येक वाडीत ऐकू येतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो, आणि तिथल्याही काही वाड्यांना मे महिन्यात पाण्यासाठी चालावं लागतं. पाऊस किती पडला यापेक्षा डोंगराच्या पोटात किती राहिला, हा खरा प्रश्न आहे. आपला डोंगर काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा. या पाषाणात पाणी साठवून परत देणारी जागा फार थोडी, साधारण शंभरात एक ते तीन भाग. ऑगस्टपर्यंत ती जागा भरते. त्यानंतर पडलेलं पाणी ओढ्याने थेट कोयनेला जातं. तुमच्याकडे पाऊस दुप्पट झाला तरी झरा मे महिन्यात दुप्पट वाहणार नाही, कारण भांडं तेवढंच आहे.

हे भांडंही एक नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि त्यातून हा डोंगर झाला. प्रत्येक थराचा वरचा भाग सच्छिद्र, भेगाळ, मुरमाड. त्यात पाणी मुरतं. खालचा भाग घट्ट कातळ; तो पाणी अडवतो. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल मातीचा पट्टा असतो, घाटातला रस्ता खणलेला असतो तिथे तो विटकरी रंगाचा स्पष्ट दिसतो. तोही पाण्याला खाली जाऊ देत नाही. म्हणजे डोंगर ही मडक्यांची उतरंड समजा. प्रत्येक मडक्यात थोडं थोडं पाणी, आणि मडक्याचा काठ जिथे डोंगराच्या उताराला टेकतो तिथून ते झिरपतं. तोच झरा.

आता बोअरचं बघा. बोअरवाला ६०-७० मीटर खाली जाणार. जाताना तुमच्या झऱ्याला पाणी देणाऱ्या वरच्या मडक्याच्या तळाला भोक पडलं, तर ते पाणी बोअरमधून खालच्या थरात उतरतं. वर्षानुवर्षं वाहणारा झरा शेजारी बोअर मारल्यावर दोन-तीन उन्हाळ्यांत बंद पडल्याची उदाहरणं डोंगरी भागात भरपूर आहेत. दरवेळी असंच होतं असं नाही. केसिंग, म्हणजे बोअरच्या भोकात उतरवायचा पाइप, नीट बसवलं, जागा झऱ्याच्या थरापासून लांब निवडली, तर धोका कमी होतो. पण तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. रस्ता खाली थांबतो, म्हणजे बोअरची गाडी वर चढणारच नाही. बोअर झालीच तर गावाच्या खाली होणार. मग पाणी वर चढवायला पंप, पंपाला वीज, विजेचं बिल भरायला ग्रामपंचायत, आणि मोटार जळली की ती काढायला तालुक्याहून माणूस. चार लाख तिथेच संपतील आणि दर उन्हाळ्याला नवा खर्च उभा राहील. सार्वजनिक पाण्याच्या उद्भवापासून, म्हणजे पाणी जिथून घेतात त्या जागेपासून, ५०० मीटरच्या आत विहीर-बोअर घेण्यावर राज्यात १९९३ च्या भूजल कायद्यापासून बंधन आहे, हेही कोणी खासगी बोअर मारायला निघाला तर त्याला दाखवायला उपयोगी पडतं.

आता टाकीकडे येतो. इथे थोडा हिशेब करावा लागेल, आणि हा हिशेब गावाने स्वतः केला तर अर्धी भांडणं मिटतात.

तुमचा हंडा १५ लिटरचा धरू. पाच मिनिटांत १५ लिटर म्हणजे मिनिटाला ३ लिटर. ऐकायला काहीच नाही. पण झरा रात्री झोपत नाही. ताशी १८० लिटर, दिवसाला ४,३२० लिटर. २०० माणसांना वाटलं तर माणशी साडेएकवीस लिटर. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनचा निकष माणशी ५५ लिटरचा आहे. त्याच्या निम्मंसुद्धा नाही, हे खरं. पण पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी १० लिटर पुरतात, म्हणजे अगदी एप्रिलमध्येही तुमचा झरा त्याच्या दुप्पट पाणी देतोय. मग बायकांना पहाटे चारला उठून नंबर का लावावा लागतो? कारण रात्री आठपासून पहाटे सहापर्यंतचे १,८०० लिटर दगडांतून रानात जातात आणि सकाळी सगळ्या जणी एकदम त्या बारीक धारेखाली उभ्या राहतात.

म्हणून पाच हजार लिटरची साठवण तुम्हाला सगळ्यात आधी हवी. ती दिवसरात्रीचं पाणी धरून ठेवते आणि सकाळी नळाला जोरात देते. रांग एका उन्हाळ्यातच कमी झालेली दिसेल. मंडळाच्या डोक्यात जी मोठी टाकी आहे, एक लाख लिटरची वगैरे, तिचा हेतू वेगळा: जानेवारीतलं जादा पाणी मे महिन्यासाठी ठेवायचं. कल्पना चूक नाही. पण एक लाख लिटर २०० माणसांना ६० दिवस पुरवले तर माणशी दिवसाला आठ लिटर येतात. तेवढ्यासाठी एक किलोमीटर चढावर वाळू, खडी, सिमेंट डोक्यावरून न्यायचं. डोंगरात बांधकामाचा खर्च सामानापेक्षा वाहतुकीत जातो. लहान टाकी फेरोसिमेंटची, म्हणजे तारेच्या जाळीवर सिमेंटचा पातळ थर देऊन केली तर वाळू-सिमेंट फार कमी लागतं आणि गावातले गवंडी एकदा शिकले की स्वतः करतात. प्लास्टिकची टाकी चार माणसं ढकलत वर नेतात, तेही चालेल. फक्त झाकण माकडं काढून टाकतात, त्याला तारेने बांधायची सोय ठेवा आणि टाकी सावलीत बसवा.

या हिशेबात एक गोष्ट बहुतेक गावं विसरतात. ग्रामदैवताची यात्रा एप्रिल-मेमध्ये, आणि तेव्हाच सगळे मुंबईकर गावी. २०० ची ५०० माणसं होतात आणि ४,३२० लिटर माणशी साडेआठ लिटरवर येतात. म्हणजे झरा सगळ्यात दुबळा असतो तेव्हा गाव सगळ्यात भरलेलं. ज्यांनी पैसे दिले त्यांनाच हे सांगणं अवघड जातं, पण सांगा. यात्रेच्या आठवड्यासाठी वेगळी सोय करावी लागेल. त्या आठ दिवसांवरून वर्षाची योजना आखू नका. तसंच गुरांचं. दुभती म्हैस उन्हाळ्यात दिवसाला ५० लिटरच्या पुढे पिते. गावात १५ म्हशी असतील तर ७५० लिटर तिकडेच गेले. टाकीच्या सांडव्याचं पाणी खाली दगडी डोणीत सोडा, म्हणजे गुरं झऱ्यापाशी चढणार नाहीत आणि झऱ्याचं पाणीही घाण होणार नाही.

पैसे खर्च करण्याआधी एक वर्ष झरा मोजा. मी हे म्हटलं की लोकांचे चेहरे पडतात, पण याला पर्याय नाही. दर पंधरवड्याला ठरलेल्या दिवशी, एकाच वेळी, एकाच २० लिटरच्या बादलीने. किती सेकंदात भरली ते वहीत लिहायचं. शाळेतली सातवीची पोरं हे उत्तम करतात. शेजारी पावसाची नोंद ठेवली तर फारच छान. या वहीतून कळतं ते असं: पहिला जोराचा पाऊस पडला आणि दोन दिवसांत झरा गढूळ होऊन दणक्यात वाढला, तर पाणी जवळून आणि उथळ वाटेने येतंय, भांडं लहान आहे. पाऊस सुरू होऊन तीन-चार आठवडे गेले तरी झरा फारसा बदलला नाही, नंतर हळूहळू वाढला आणि दिवाळीनंतरही टिकला, तर पाणी लांबून येतंय. पहिल्या प्रकारच्या झऱ्याला वर थोडं काम करून फरक दिसू शकतो. दुसऱ्याला फक्त जपायचं असतं.

वहीसोबत म्हाताऱ्यांना विचारा. प्रश्न नेमका विचारायचा: बहात्तरच्या दुष्काळात कुठलं पाणी चालू होतं? १९७२ सालचं डोंगरात सगळ्यांना आठवतं, आणि बऱ्याचदा उत्तरात असा एखादा पाणवठा निघतो जो आता झुडपांत गाडला गेलाय. बायकांना वेगळं बसवून विचारा. पाणी त्या भरतात. गावकीच्या बैठकीत मात्र त्या मागे उभ्या असतात आणि माहिती पुढे येत नाही.

आणखी एक सोपी पाहणी. एप्रिलच्या मध्यात समोरच्या डोंगरावर जाऊन तुमच्या डोंगराकडे बघा. सगळं करपलेलं असेल, पण एका उंचीवर हिरवी रेघ दिसेल: उंबर, जांभूळ, करवंदीच्या जाळ्या, दाट गवत. ती रेघ म्हणजे मुरमाड थर आणि कातळ जिथे भेटतात ती पातळी. तुमचा झरा त्या रेघेवर असेल तर त्याच पातळीवर डावी-उजवीकडे आणखी ओल सापडण्याची शक्यता आहे. दोन बारीक धारा एका चेंबरमध्ये आणल्या तरी गाव सुटतं. माझ्या कामात नवीन पाणी "निर्माण" करण्यापेक्षा असं हुकलेलं पाणी गोळा करण्यानेच जास्त गावं सावरलीत.

झऱ्याच्या तोंडाशी काम करताना मात्र हात आवरा. लोक उत्साहाने पहार घेऊन तोंड मोठं करायला जातात, कधी सुरुंगही लावतात. त्याने धार मोठी होत नाही. भेग हलते आणि पाणी दुसरीकडून, बरेचदा खालून, फुटतं. दगड हाताने काढा, गाळ काढा, ओल कुठून येते ते बघा आणि तिथेच थांबा. पुढे दगडगोट्यांचा गाळणथर, त्याच्यापुढे लहान चेंबर, वर झाकण, पाठीमागे पावसाचं पाणी वळवायला एक आडवी चारी. चेंबरचा सांडवा झऱ्याच्या मूळ पातळीच्या खालीच राहिला पाहिजे. चेंबरमध्ये पाणी वर चढवून साठवायचा प्रयत्न केला की उलटा दाब येतो आणि झरा वाट बदलतो. हा नियम मोडून बांधलेली, कोरडी पडलेली सुबक चेंबरं तुम्हाला घाटमाथ्यावर जागोजागी दिसतील. साठवण हवी ती टाकीत करा, खाली, गावाजवळ.

झरा वर आणि गाव खाली, हे तुमचं नशीब. गुरुत्वाने पाणी येईल, पंप लागणार नाही. पाइप निवडताना उंचीचा फरक मोजा: दर १० मीटर उताराला साधारण एक किलोचा दाब. ८० मीटर उतार असेल तर ६ केजीचा पाइप तळाशी फुटेल. १० केजीचा घ्या, नाहीतर मध्ये एक छोटी टाकी ठेवून दाब तोडा. पाइप सतत उतरता ठेवा. मध्ये कुठे उंचवटा आला की तिथे हवा धरते आणि वर पाणी भरपूर असूनही खाली नळ कोरडा. आणि शक्य तिथे पाइप गाडा. कातळावर गाडता येत नाही, तिथे दोन्ही बाजूंचं गवत जानेवारीतच कापून ठेवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवा लागतो आणि काळा पाइप मेणासारखा वितळतो. गवेही तुडवतात. जोडाचे चार तुकडे आणि थोडा जादा पाइप गावात कायम ठेवा.

(ज्यांचा झरा गावाच्या खाली आहे त्यांच्यासाठी एक वाक्य: सौरपंपाचा विचार करा. घाटमाथ्यावर चार महिने ऊन नसतं म्हणून लोक तो नाकारतात, पण त्या चार महिन्यांत पंप लागतोच कुठे? गरज फेब्रुवारी ते मे, तेव्हा ऊन भरपूर.)

आता चर. यावर मी जरा लांब बोलणार आहे, कारण इथे चूक झाली तर पाण्यापुरती राहत नाही.

सलग समतल चरांचं, म्हणजे उताराला आडव्या, एकाच पातळीत खणलेल्या चरांचं काम तुमच्याच जिल्ह्यात पूर्वेला, माण-खटावकडे, खूप झालंय आणि तिथे ते योग्य आहे. तिथे पाऊस तुमच्या तुलनेत अगदीच थोडा, उतार मंद, आणि जो थेंब पडेल तो जिरवायचा असतो. ते पाहून मंडळातल्या कोणाला वाटलं असेल की आपणही करू. पण घाटमाथ्यावर एका दिवसात २००-३०० मिलिमीटर पाऊस होतो. उतार उभा, कातळावर मातीचा जाड थर, आणि त्यात तुम्ही चर खणून पाणी उभं केलं, तर ते मातीतून कातळापर्यंत पोहोचतं आणि त्या दोघांमधली पकड सुटते. माळीणला ३० जुलै २०१४ ला, तळीयेला २२ जुलै २०२१ ला आणि इरशाळवाडीला १९ जुलै २०२३ च्या रात्री काय झालं ते महाराष्ट्राने पाहिलंय. या तिन्ही ठिकाणी चरांमुळे दरड आली असं मी म्हणत नाही. प्रत्येकाची कारणं वेगळी आणि अनेक होती. पण वस्तीच्या वरच्या मातीच्या उतारावर पाणी मुद्दाम थांबवू नये, एवढं त्यावरून घ्यायलाच हवं. उलट तिथलं पाणी लवकर निघून जाईल असं बघायचं. वरच्या उतारावर जमिनीला नवी भेग पडली, झाडं-खांब कलले, किंवा जुलैमध्ये झरा अचानक गढूळ झाला वा एकाएकी थांबला, तर पाण्याची योजना बाजूला ठेवून आधी लोकांना तिथून हलवा आणि तहसीलला कळवा.

मग पाणी जिरवायचंच नाही का? जिरवायचं, पण झऱ्याला जिथून पाणी मिळतं तिथे. ते ठिकाण गावाच्या वरचा उतार असेलच असं नाही. थरांना थोडा कल असतो, त्यामुळे झरा डोंगराच्या या अंगाला आणि त्याचं मुरण्याचं क्षेत्र पठाराच्या पलीकडच्या अंगाला, दुसऱ्याच गावाच्या शिवारात, असं पुष्कळदा निघतं. यासाठी भूवैज्ञानिकाला एकदा डोंगर चालायला लावाच. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं कार्यालय जिल्ह्याला असतं. ग्रामपंचायतीच्या ठरावासह अर्ज द्या आणि पाठपुरावा करा. तुमची वर्षाची वही सोबत असली तर साहेबांचाही सूर बदलतो, हा माझा अनुभव आहे.

वर सपाट पठार असेल आणि तेच मुरण्याचं क्षेत्र निघालं, तर तिथे नैसर्गिक खोलगट जागा असतात, पावसाळ्यात डबकी भरतात अशा. त्यातला गाळ काढणं, काठ थोडा उचलणं, एवढं पुरे. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे जांभा दगडाच्या उघड्या पठारावर, मात्र जेसीबी नेऊ नका. तिथली वीतभर माती आणि तिच्यावरची वनस्पती एकदा खरवडली की परत येत नाही, आणि जांभा तसाही भोकाभोकांचा असतो, पाणी आपोआप मुरतं. उतारावरच्या जुन्या भातखाचरांचे बांध ढासळले असतील, तर तेही नव्याने काही मोठं करण्याऐवजी होते तसे नीट केलेले बरे, आणि तेही वस्तीच्या थेट वर नसतील तरच.

झाडांबद्दल लोकांचा विश्वास फार मोठा. झाडं लावली की झरा वाढतो, असं सरळ गणित नाही. झाडं माती धरतात, जमीन भुसभुशीत ठेवतात, पण उन्हाळ्यात स्वतः पाणीही पितात. निलगिरीची लागवड झऱ्याच्या वर करू नका. आहे ते रान राखलं, वणवा थांबवला, दोन-तीन वर्षं चराईला थोडी बंदी घातली, तर जी झाडं त्या डोंगराची आहेत ती आपोआप उठतात. देवराई असेल तर तिला हात लावू नका. पुष्कळ चांगले झरे देवराईतच असतात.

गावापर्यंतचा राहिलेला एक किलोमीटर रस्ता मंजूर होईल तेव्हा हेही लक्षात ठेवा. रस्त्यासाठी डोंगर कापला आणि काप झऱ्याच्या थरातून गेला तर पाणी झऱ्याऐवजी रस्त्याच्या गटारात निघतं. आखणी होत असताना झऱ्याची जागा अभियंत्याला नकाशावर लिहून द्या. नंतर सांगून उपयोग होत नाही.

झऱ्याचं पाणी शुद्धच, हा समज सोडा. पहिल्या पावसात वरची सगळी घाण खाली येते आणि जुलैमध्ये गावात जुलाब-कावीळ सुरू होते. पाणी तपासायच्या छोट्या बाटल्या मिळतात, पाणी भरून ठेवायचं, काळं झालं की दूषित. पावसाळ्याआधी आणि नंतर उद्भवाची पाहणी होऊन ग्रामपंचायतीला लाल-पिवळं-हिरवं कार्ड मिळतं. तुमचं कुठलं आहे ते विचारून घ्या. टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) टाकीत टाकायचं काम जलसुरक्षकाचं, पण तो डोंगर चढून येतो का, हे गावालाच बघावं लागेल.

चार लाखांपैकी जे उरेल त्याचा मला सुचणारा सगळ्यात चांगला उपयोग म्हणजे घरटी टाक्या. पावसाचं पाणी छपरावरून. हिशेब बघा: घरात पाच माणसं, पिण्या-स्वयंपाकाला माणशी १० लिटर, मार्च ते मे धरून साधारण १०० दिवस. पाच हजार लिटर. तुमच्याकडच्या पावसात ४० चौरस मीटरचं छप्पर याच्या वीसपट पाणी देतं, तेव्हा पाण्याची ददात नाही, टाकीची आहे. सुरुवातीचे पाऊस छप्पर धुऊन जाऊ द्या, सप्टेंबरच्या शेवटी टाकी भरा, झाकण लावा आणि फेब्रुवारीपर्यंत तोटी उघडू नका. प्रकाश आत गेला नाही तर पाणी टिकतं. कौलं किंवा पत्रा असेल तर चालेल. सगळ्या घरांना एकदम जमणार नाही. ज्या घरात म्हातारी माणसं एकटी राहतात तिथून सुरुवात करा, कारण नळ आला तरी त्यांना हंडा उचलवत नाही.

कागदपत्रांचं आताच बघून ठेवा. झरा वनखात्याच्या जमिनीत असेल तर पाइप आणि टाकीसाठी २००६ च्या वनहक्क कायद्यातली तरतूद वापरता येते: पिण्याच्या पाण्यासारख्या सोयीसाठी एक हेक्टरपर्यंत जमीन, ग्रामसभेच्या शिफारशीने. सातबाऱ्यावर कोणाचं नाव असेल तर तोंडी "घ्या हो पाणी" यावर काम सुरू करू नका. आज काका हो म्हणतात, उद्या त्यांचा मुलगा मुंबईहून येऊन पाइप तोडतो. टाकीच्या जागेचं बक्षीसपत्र आणि पाण्याचं संमतीपत्र, भावकीतल्या सगळ्यांच्या सह्यांनिशी. एवढं होईपर्यंत मंडळाचे पैसे बँकेत राहू द्या.

देखभालीला तरुण माणूस गावात नाही, असं तुम्ही लिहिलंय. मग बायकांच्या बचत गटाकडे द्या, आणि मानधन द्या. फुकट कोणी वर्षभर पाइप बघत नाही. घरटी महिन्याला ठरेल ती पट्टी, त्यात मुंबईकरांची घरंही धरा, कारण मे महिन्यात पाणी तेही वापरणार आहेत.

शेवटी तुम्ही टँकरचं विचारलंत. मोजणीच्या या वर्षात तो लागेलच. ग्रामपंचायतीचा ठराव करून पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे मार्चमध्येच अर्ज द्या. तिथून पाहणी होऊन प्रस्ताव पुढे जातो आणि त्यात दिवस जातात. टँकर रस्ता संपतो तिथेच थांबणार, तेव्हा तिथे पाणी ओतून घ्यायला एक टाकी आधी ठेवा, नाहीतर चालक अर्ध्या तासात पाणी सोडून निघून जातो. अर्जात माणसांबरोबर गुरांचाही आकडा लिहा, आणि यात्रेची तारीख.